मागून निसटणारी गाडी

त्या दिवसांत आमच्या घरात सगळेच दमलेले असायचे आणि त्याबद्दल कुणी बोलत नसे. माय इस्पितळात आया होती. पाळी सकाळची असो की दुपारची, घरी आली की ती आधी उंबऱ्यात बसायची आणि दहा मिनिटं नुसती पोटऱ्या चोळत राहायची. पाणी विचारलं तरी मान हलवून ‘थांब जरा’ एवढंच म्हणायची. आम्ही राहायचो घाटकोपरच्या बाजूला असल्फ्याच्या टेकडीवर, एकावर एक रचल्यासारख्या खोल्यांपैकी वरून दुसऱ्या ओळीत. डोक्यावरून विमानं उतरायची, इतकी खालून की बाहेर काढलेली चाकं मोजता यावीत. विमान आलं की बोलणं थांबायचं आणि ते पलीकडे गेलं की राहिलेलं अर्धं वाक्य तिथूनच पुढे सुरू व्हायचं. बोलता बोलता मध्येच थांबायची माझी सवय अजून गेलेली नाही. माझ्या सुनेला वाटतं, मी विसरले. मी विसरत नाही, विमान जाऊ देते.

माय जालन्याकडची. मुंबईत इतकी वर्षं काढूनही तिच्या हातचं जेवण तिकडचंच राहिलं. ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी, लसूण घालून वाटलेला ठेचा, आणि रविवारी विहारातून आल्यावर मासळी. भाकरी थापायचा तिचा आवाज चार घरं खाली ऐकू जायचा. त्या वर्षी तिनं एक नवीनच सुरू केलं होतं. अप्पांच्या ताटात मासा वाढायच्या आधी ती त्यातले काटे काढायची, गुपचूप, चुलीकडे तोंड करून. मी एकदा विचारलं, ‘हे काय गं, अप्पा काय लहान आहेत?’ तर म्हणाली, ‘दमून येतो माणूस. तेवढंच.’ मलाही ते पटलं. दमणं ही आमच्याकडे कशालाही पुरेशी सबब होती.

अप्पांचा अंधेरीला एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत गॅरेजचा गाळा होता. एका बाजूला बटणांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला ग्रिल बनवणारा वेल्डर. माझं कॉलेज सकाळचं होतं. बारा वाजता सुटलं की मी बस पकडून अंधेरीला जायची आणि दोघांचा डबा तिथेच खायचा. अप्पांचा जुना जोडीदार आखातात निघून गेला तेव्हा त्यांनी दुसरा माणूस ठेवला नाही, मला बोलावलं. गल्लीतले लोक हसले. मिस्तरीची पोरगी गाडीखाली झोपते म्हणून बघायलाही आले. मला मात्र त्याचा अभिमान होता. एवढी माणसं सोडून अप्पांनी मला निवडलं, माझा हात बघून निवडलं, असं मी धरून चालले होते. ‘सुनंदा, बॅटरी धर.’ ‘सुनंदा, या नटाची कड बघ, झिजलीय का?’ ‘सुनंदा, फट मोजायच्या फिलरवरचा आकडा वाच.’ मी बघायची, वाचायची, सांगायची. अप्पा मान हलवायचे. त्यांची बोटं मात्र कमाल होती. इंजिनावर तळवा ठेवून कुठल्या सिलिंडरमध्ये गडबड आहे ते सांगायचे.

दिनकरकाका अप्पांचे वीस वर्षांचे दोस्त. मालवणकडचे, अंगानं सडपातळ, डाव्या भुवईवर टाक्यांची खूण. अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये ते सिनेमांसाठी गाड्या चालवायचे. पडद्यावर हिरो गाडी उडवतो ना, तेव्हा आत दिनकरकाका असायचे, डोक्यावर हिरोसारखा विग घालून. घरी मात्र सायकलसुद्धा हळू चालवत. त्यांची स्वतःची एक जुनी सलून गाडी होती, चौकोनी तोंडाची, लांब डिकीची. तिच्यात ताकद जायची मागच्या चाकांना, कारण तसली गाडीच मागून घसरवत वळवता येते. तिचं मूळ इंजिन थकलं तेव्हा अप्पांनी कुर्ल्याच्या भंगार बाजारातून एक मोठं, जवळजवळ दुप्पट दमाचं इंजिन आणून त्यात बसवलं. नुसतं इंजिन बसवून भागत नाही. मागची दोन चाकं जोडणाऱ्या धुरीला धरणाऱ्या पाट्याच्या स्प्रिंगा जिथे गाडीच्या तळाला अडकतात, ते दोन्हीकडचे पकडे अप्पांनी स्वतः नवे, जाड पत्र्याचे करून वेल्ड केले आणि वरून सगळ्या तळाला डांबरासारखा काळा रंग मारला. चार महिने आमच्या डब्यावर त्या कामाचा वास होता.

गाडी झकास पळाली, महिना-दीड महिना. मग एका दुपारी काका आले, गाडी गल्लीतच सोडली आणि आत येऊन ड्रमवर बसले.

‘मिस्तरी, गाडी मागून निसटता रे.’

‘तुला निसटणारीच पाहिजे होती ना?’

‘मी निसटवली तर. ही आपणहून निसटते. उभ्यावरून जोरात उचलली की शेपूट उजवीकडे जाते, तोंड डावीकडे. पाय काढला की परत उलटीकडे झटका. हळू चालवली तर अगदी गरीब गाय.’

अप्पांनी गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर चढवली. तेव्हापासून तीन आठवडे आम्ही त्या गाडीखाली होतो. आधी चाकांमधली हवा, मग मागची दोन्ही चाकं इकडची तिकडे केली. चाकात दोष असता तर ओढ बाजू बदलती, ती बदलली नाही. शॉक अब्सॉर्बर नवे टाकले. स्प्रिंगांच्या टोकांच्या डोळ्यांत बसणारे रबरी बुश काढून पाहिले, बरे होते तरी बदलले. धुरी आणि स्प्रिंग एकत्र आवळणारे यू-बोल्ट पाना लावून पुन्हा आवळले. दोन्हीकडची पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतची लांबी दोरीनं मोजली. केसाचाही फरक नाही. डिफरन्शियल उघडून दाते तपासले. दर वेळी मी बॅटरी धरून सांगायची, ‘ठीक आहे, अप्पा,’ आणि दर वेळी काका गाडी रस्त्यावर काढून परत आणायचे, मान हलवत. उभी असली की तिच्यात काही दोष नसे.

आता माझे गुडघे मला गाडीखाली जाऊ देत नाहीत. नातवाच्या गाडीला काय झालं ते तो फोनवर बघतो. मी त्याला एकदा म्हटलं, आम्ही तीन आठवडे एका केसाएवढी फट शोधत होतो. तो म्हणाला, ‘आजी, सेन्सर नव्हते ना.’ खरंय. पण आमच्याकडे जे होतं तेसुद्धा आम्ही नीट वापरलं नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी काकांनी सांगितलं की नऊ दिवसांनी शूटिंग आहे. दोन ट्रक समोरासमोर उभे, मधल्या फटीतून उभ्यावरून जोरात उचललेली गाडी काढायची. दोन्ही बाजूंना हातभर जागा. ट्रकांच्या पलीकडे कॅमेरेवाले. अप्पा जमिनीवर बसून हात पुसत होते. त्यांचे डोळे लाल होते. वेल्डिंगच्या माणसाचे असतातच. ते एकदम म्हणाले, ‘दिनकर, गाडीत काही नाही. तू क्लच सोडतोस तसा सोडू नको. झटका तुझ्या पायात आहे.’

काका हळूच म्हणाले, ‘युनिटमधली पोरं पण तसंच म्हणतात.’ आणि मग उजवा हात पुढे धरून त्याच्याकडे बघत राहिले. ‘सकाळी जरा थरथरतो. चहा घेतला की बरा होतो.’

मी तिथेच होते. इतक्या वर्षांत त्या माणसाला स्वतःचा हात असा तपासताना मी कधी पाहिलं नव्हतं. घरी जाताना बसमध्ये मला राग येत होता, कुणावर ते कळत नव्हतं. गाडी उभी असताना ठीक असते, मग उभ्या गाडीत बघून काय उपयोग? जोर लागतो तेव्हाच काहीतरी हलतं आणि जोर गेला की जागेवर येतं. ते हललं होतं याची खूण मागे राहिली पाहिजे. घरी आमच्या दाराला मायनं नुकता पांढरा ऑइलपेंट दिला होता, तळाशी थोडा उरला होता. दुसऱ्या दिवशी मी तो डबा आणि माझा चित्रकलेचा ब्रश घेऊन गेले.

गाडीखाली झोपून मी जिथे जिथे दोन वस्तू जोडल्या होत्या तिथे तिथे आडवी रेघ मारली. अर्धी रेघ एकीवर, अर्धी दुसरीवर. धुरी आणि स्प्रिंग, स्प्रिंग आणि पकडा, पकडा आणि गाडीचा तळ. दोन्ही बाजूंना, पुढून आणि मागून. अप्पांनी विचारलं, ‘काय चाललंय?’ मी सांगितलं. ते म्हणाले, ‘कर.’ त्यांचा आवाज असा होता की करू नको म्हणायचंही त्राण नव्हतं.

रविवारी कारखाने बंद असतात, एमआयडीसीचा मागचा रस्ता मोकळा. आम्ही सकाळीच गेलो. काकांनी गाडी उभी केली, श्वास घेतला आणि सोडली. मागची चाकं किंचाळली, शेपूट उजवीकडे गेलं. काकांनी स्टिअरिंग मारून सावरली, पाय काढला तशी ती उलटी झटकली. असं तीन वेळा. तिसऱ्या वेळी चाक पदपथाच्या दगडाला लागता लागता राहिलं. काका उतरले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. म्हणाले, ‘झालं माझ्याकडून. आज आणखी नको.’ गाडी गाळ्यात लावून ते चालत निघून गेले, चहाला थांबले नाहीत.

मी खाली शिरले. धुरीवरच्या रेघा अखंड. स्प्रिंगवरच्या अखंड. उजवा पकडा, अखंड. डाव्या पकड्याच्या मागच्या कडेला पांढरी रेघ तुटली होती. तुटलेल्या जागी केसाएवढी काळी चीर आणि तिच्या ओठाला तपकिरी भुकटी, लोखंड लोखंडावर घासलं की पडते तशी. मी ब्रशच्या मागच्या टोकानं काळा रंग खरवडला. खाली अप्पांचं वेल्डिंग होतं. किती सुंदर होतं म्हणून सांगू! एकसारखे खवले, एकही कुठे सुजलेला नाही. फक्त ते सांध्यावर नव्हतं. सांध्याच्या शेजारून, सुताएवढं बाजूनं, सरळ रेषेत गेलं होतं. पुढच्या टोकाला तेवढं सांध्यावर आलं होतं आणि त्याच टोकावर सगळा पकडा लटकला होता. गाडीनं जोर घेतला की धुरीचं डावं टोक त्याला पुढे ढकलायचं, पकडा वाकायचा, डावं चाक पुढे सरकायचं आणि सगळी धुरी तिरकी व्हायची. जोर गेला की परत जागेवर. वरचा डांबरी रंग आजवर नुसता ताणला जायचा, म्हणून काही दिसत नसे.

‘अप्पा, मिळालं.’

ते शेजारी येऊन आडवे झाले. मी बॅटरीचा झोत बरोबर चिरेवर धरला. ते बघत होते, पण त्यांची नजर चिरेवर नव्हती, वीतभर बाजूला होती. मग त्यांनी अंगठा वर नेला, वेल्डिंगच्या खवल्यांवरून फिरवला, तसाच बाजूला नेला. सांध्यावर आल्यावर अंगठा थांबला. वरून एक विमान गेलं. बॅटरी धर, कड बघ, आकडा वाच... त्या मिनिटात मला कळलं की अप्पांनी माझा हात बघून मला बोलावलं नव्हतं. त्यांना डोळे हवे होते. ते मला लागलं, आजही थोडं लागतं. पण त्याहून जास्त हे लागलं की त्यांना काळजीपूर्वक, मन लावून काम करताना मी रोज पाहिलं होतं, आणि तरी मला दिसलं नव्हतं.

‘शेजारच्याकडून वेल्ड करून घेऊ,’ अप्पा म्हणाले. ‘दिनकरला सांग, बुश गेला होता.’

‘बुश?’

‘बुश म्हणून सांग, सुनंदा.’

शेजारच्या वेल्डरनं त्याच दुपारी येऊन दोन्ही पकडे उतरवले आणि नव्यानं जोडले, आतून जोडपट्ट्या लावून. अप्पा बाहेर ड्रमवर बसून होते. घरी मायनं विहारातून येऊन बोंबील केले होते. मी जेवले नाही. अप्पा झोपल्यावर तिला म्हटलं, ‘तुला माहीत होतं.’

ती भांडी घासत होती. म्हणाली, ‘आमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवू म्हटलं तर महिनाभर बोलला नाही माझ्याशी. म्हणतो, मिस्तरीला दिसत नाही म्हटल्यावर गाडी कोण देईल?’

‘आणि दिनकरकाका मेले असते तर?’

तिच्या हातातलं पातेलं थांबलं. नळाखाली नुसतं पाणी वाहत राहिलं, आमच्याकडे जे कधी वाहू देत नसत. ‘मी काटे काढते,’ ती म्हणाली. ‘मला काय कळतं गाडीतलं? मला वाटलं, घरातलं घरात राहील.’

मंगळवारी काका आले. मी गाडी बाहेर काढून त्यांच्याकडे दिली आणि बुश म्हणून सांगितलं. मागच्या रस्त्यावरून ते दहा मिनिटांनी परतले. गाडी सरळ गेली होती. चेहऱ्यावर आनंद असायला हवा होता, नव्हता. ते आत येऊन ड्रमवर बसले, किल्ली बोटाभोवती फिरवत.

‘चांगली झाली हो, मिस्तरी. एकदम सरळ. पण मी काल जाऊन सांगून आलो. तो शॉट दुसरा पोरगा करतोय.’

अप्पांनी पाना उचलला.

‘खरं सांगू? आज सरळ गेली तरी माझा विश्वास बसेना. गाडी नाही, मीच निसटत होतो असं वाटलं. आता हे काम पुरे. भाऊ म्हणतो, गावी ये, आंब्याच्या कलमांकडे बघ.’

मी अप्पांकडे पाहिलं. ते हातातला पाना पुसत होते, जो आधीच स्वच्छ होता. मी वाट पाहिली. खरंच पाहिली. बटणांच्या कारखान्याचं मशीन धडधडत होतं आणि मी मनात म्हणत होते, बोला, अप्पा, तुम्ही बोला. ते बोलले नाहीत. तेव्हा मी बोलले.

‘काका, बुश नव्हता. वेल्डिंग चुकलं होतं. आपलं. सांध्याच्या बाजूनं झालं होतं, जोर लागला की पकडा उघडायचा. तुमचा पाय बरोबर होता. पहिल्या दिवसापासून बरोबर होता.’

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग अप्पांकडे. मला वाटलं ते ओरडतील. त्यांचा हक्क होता. ते उठले, अप्पांच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले आणि दोन बोटं वर केली.

‘किती?’

अप्पांनी मान खाली घातली.

‘मिस्तरी, किती बोटां आसत?’

‘नाही दिसत नीट,’ अप्पा म्हणाले. ‘धुरकट. दोन वर्षं झाली.’

‘आणि तू माका म्हणालंस पायात झटको आसा.’ काकांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. ‘कितीतरी रात्री मी उठून हात बघत होतो रे. बायकोला सांगितलं, मी संपलो. ती रडली.’

अप्पा काहीतरी बोलायला गेले आणि एक विमान आलं. ते जाईपर्यंत तिघंही तसेच उभे. ते गेल्यावर अप्पा म्हणाले, ‘चुकलो.’ काका गाडीत बसून निघून गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेवढंच.

तो शॉट त्यांना परत मिळाला नाही. दुसऱ्या पोरानं तो दुसऱ्या गाडीनं केला, व्यवस्थित केला. पण काका गावी गेले नाहीत. त्यांनी आणखी सहा वर्षं गाड्या चालवल्या. ती चौकोनी गाडी ते आमच्याकडेच आणत, पण पुढे दोन वर्षं अप्पांशी बोलत नसत, काय हवं ते मला सांगत. मग एके दिवशी नेहमीसारखे ‘मिस्तरी’ म्हणत आत शिरले. त्यामागे काही कारण घडलं होतं असं नाही. माणसं रागावूनही दमतात.

अप्पा माझ्याशी अकरा दिवस बोलले नाहीत. मी कॉलेजातून जायची, डबा उघडायची, ते जेवायचे. बॅटरी मागायचे नाहीत, हातानं चाचपून काम करायचे आणि मी बघत बसायची. मी त्यांना त्यांच्या दोस्तासमोर उघडं केलं होतं. ते बरोबर होतं हे तेव्हाही ठाऊक होतं आणि ते करायला नको होतं असंही वाटायचं. इतक्या वर्षांनी दोन्ही तसंच वाटतं. त्यांनी वेल्डिंगचा होल्डर पुन्हा हातात धरला नाही. पुढे मायच्या इस्पितळात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एक डोळा चांगला आला, दुसऱ्याला फार उशीर झालेला होता.

बाराव्या दिवशी आम्ही नेहमीप्रमाणे गाळा बंद करून स्टॉपवर आलो. ऑफिसं सुटायची वेळ, गर्दी. घाटकोपरला जाणाऱ्या दोन-तीन बसगाड्या असायच्या आणि एक वेगळीकडे वळणारी. इतके दिवस अप्पा काय करायचे तर मी हलले की हलायचे. मला ते कधी जाणवलंही नव्हतं. लांबून एक लाल बस येताना दिसली. माणसं पुढे सरकली. अप्पा जागचे हलले नाहीत. मग मान न वळवता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, ‘कुठली आहे गं?’

मी पाटी वाचली आणि सांगितलं.

‘आपली?’

‘आपली.’

त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही चढलो.